मुदतीच्या आत

कामगार न्यायालयातील माझ्या वकिलीला अद्याप दोन वर्षे पुरी झाली नव्हती, तेव्हा ठाण्याकडील एका कारखान्यातून कमी केलेला एक फिटर आपली कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एका संध्याकाळी माझ्याकडे आला. बडतर्फीचे पत्र त्याने माझ्यापुढे ठेवले. ते वाचण्यापूर्वी मी त्याचे पाकीट मागितले, याचे त्याला नवल वाटले. पाकीट होते, परंतु ते घाईने मधोमध फाडलेले, आणि पोस्टाच्या शिक्क्याचा अर्धा भाग फाटलेल्या कपट्याबरोबर केव्हाच केरात गेलेला. उरलेल्या अर्ध्या शिक्क्यावर महिना दिसत होता, तारीख दिसत नव्हती. पत्रावरील तारखेपासून मी दिवस मोजले, ते १०१ भरले. त्याला ज्या कायद्याखाली दाद मागावयाची होती, त्या कामगार संघांना मान्यता देण्याविषयीच्या व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या २८ व्या कलमात तक्रारीची मुदत ९० दिवसांची ठरवलेली आहे. "इतके दिवस काय करत होता?" असे मी काहीशा तुटकपणे विचारले. "साहेबांना भेटत होतो," तो म्हणाला. "साहेब म्हणायचे, बघू. कोर्टाचं नाव काढलं असतं तर घ्यायचे होते तेही घेतले नसते."

प्रस्तुत पुस्तकाचा विषय या एवढ्या उत्तरात सामावलेला आहे. कामाच्या ठिकाणी होणारा पक्षपात, त्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्यावर डूख धरून घेतला जाणारा सूड, आणि तक्रार दाखल करण्याची मुदत या तिन्ही गोष्टी कायद्याच्या ग्रंथांत तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विवेचिल्या जातात, आणि विद्यार्थीही त्यांचा अभ्यास वेगवेगळाच करतात; परंतु ज्याच्यावर प्रसंग येतो त्याच्या घरात त्या एकत्रच शिरतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्यांतील दुसरी गोष्ट तिसरीला गिळून टाकते. अन्याय झाला हे माणसाला कळते, त्याविरुद्ध कोठे जावे हेही पुष्कळदा कळते, पण गेलो तर उरलीसुरली भाकरीही जाईल या धास्तीने तो आज नको, उद्या पाहू, दिवाळी होऊ दे, बोनस हातात पडू दे, असे म्हणत राहतो. आणि इकडे मुदतीचा एकेक दिवस उलटत असतो. धास्तीने गेलेले हे दिवस आळसाने गेलेल्या दिवसांच्याच रकान्यात जमा होतात, याची खंत हे पुस्तक लिहिण्यामागे आहे, आणि ती मला मनापासून पटल्यामुळेच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी मान्य केले.

मुदतीच्या कायद्याविषयी कटुतेने बोलणे सोपे आहे, आणि तरुणपणी मी तसे पुष्कळ बोललो. पण ज्याच्यावर आरोप आहे तोही माणूसच असतो, आणि त्यालाही आपली बाजू मांडण्यासाठी पुरावा लागतो. साक्षीदार नोकऱ्या सोडून गावी जातात, मुकादम निवृत्त होतो, हजेरीपटाला वाळवी लागते, आणि अमुक दिवशी अमुक माणसाने कोणते शब्द कोणत्या स्वरात उच्चारले हे दहा वर्षांनी शपथेवर सांगणारा मनुष्य बहुधा आपल्या स्मृतीपेक्षा आपल्या कल्पनेवरच अधिक विसंबून बोलतो. कायदा जागणाऱ्याच्या मदतीस येतो, निजणाऱ्याच्या नव्हे, हे जुने लॅटिन वचन निष्कारण जन्मास आलेले नाही. तेव्हा मुदत असू नये असे म्हणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. प्रश्न एवढाच की मोजणीस प्रारंभ कोणत्या दिवसापासून करावयाचा, आणि ज्या माणसाला जागेपणीच गप्प बसविण्यात आले त्याला निजलेला म्हणावयाचे काय.

या प्रश्नाचे जितके स्पष्ट चित्र अमेरिकेतील एका खटल्यात दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल, म्हणून त्याची हकिकत थोडी सविस्तर सांगतो. अलाबामा राज्यातील गॅड्सडेन या गावी गुडइयर कंपनीच्या टायरच्या कारखान्यात १९७९ साली लिली लेडबेटर या बाई नोकरीस लागल्या आणि पुढे अनेक वर्षे पर्यवेक्षकाच्या हुद्द्यावर होत्या. त्या जागांवर बहुतेक सगळे पुरुषच होते. प्रारंभी त्यांचा पगार सहकाऱ्यांच्या बरोबरीचा होता. पुढे दरवर्षीची वाढ वरिष्ठांच्या शेऱ्यांवर ठरत गेली आणि दर वर्षी थोडेथोडे अंतर पडत गेले, इतके थोडे की ते कोणाच्याही डोळ्यावर येऊ नये. एकमेकांच्या पगाराची चर्चा करण्याची तेथे मुभा नव्हती. नोकरीची जवळजवळ १९ वर्षे सरल्यावर एके दिवशी त्यांच्या हाती एक निनावी चिठ्ठी पडली. तीवर त्यांचे स्वतःचे आणि त्याच हुद्द्यावरील तीन पुरुषांचे पगार लिहिलेले होते. पुढे न्यायालयात सिद्ध झालेले आकडे असे : १९९७ च्या अखेरीस बाईंना महिना ३,७२७ डॉलर मिळत होते, आणि त्याच हुद्द्यावरील १५ पुरुषांपैकी सर्वांत कमी पगाराच्या माणसाला ४,२८६, तर सर्वांत अधिक पगाराच्या माणसाला ५,२३६.

१९९८ च्या मार्चमध्ये त्यांनी तेथील समान रोजगार संधी आयोगाकडे धाव घेतली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण नोकरीतील वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करते, आणि तक्रारीसाठी १८० दिवसांची, व ज्या राज्यात असे काम पाहणारे स्थानिक खाते आहे तेथे ३०० दिवसांची मुदत देते. ज्युरीने बाईंच्या बाजूने कौल देऊन तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम ठरविली. कायद्याने घातलेल्या मर्यादेमुळे ती ३,६०,००० वर आली. आणि २९ मे २००७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार अशा मताधिक्याने, पगार कमी ठरविण्याचे निर्णय ज्या ज्या दिवशी झाले त्या त्या दिवसापासून १८० दिवस मोजावयाचे, दर महिन्याचा पगार हाती पडतो त्या दिवसापासून नव्हे, असे ठरवून तीही रक्कम नाकारली. ज्या निर्णयांची बाईंना वार्ताही नव्हती त्यांची मुदत त्या कामावर घाम गाळीत असतानाच मागे पडलेली होती. त्या वेळी त्या न्यायासनावर एकच स्त्री होती. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले भिन्नमत नुसते दफ्तरी दाखल न करता भर न्यायालयात वाचून दाखविले, आणि विधिमंडळाने ही चूक दुरुस्त करावी असे त्यात सुचविले. २९ जानेवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ज्या विधेयकावर आपल्या कारकिर्दीतील पहिली स्वाक्षरी केली ते बाईंच्याच नावाचे होते. भेदभावाने ठरलेला प्रत्येक पगार हाती पडताच मुदत नव्याने सुरू होते, हे तत्त्व त्या दिवसापासून लिखित कायदा झाले. बाईंना स्वतःला त्यातून एक डॉलरही मिळाला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या निवर्तल्या.

आपल्याकडील वाचकाने ही दूरदेशीची कहाणी म्हणून बाजूला ठेवू नये. १९७६ चा समान वेतनाचा कायदा झाल्यानंतर मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतून १९७७ साली कमी केलेल्या एका लघुलेखिकेने, आपण पुरुष लघुलेखकांइतकेच काम करीत असता आपल्याला वेतन कमी दिले गेले, अशी तक्रार केली. तिचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयात १९८७ च्या मार्चमध्ये लागला. वेतनश्रेणी युनियनशी झालेल्या करारानेच ठरलेल्या आहेत, कंपनीची आर्थिक स्थिती बिकट आहे, आणि विश्वासाच्या लघुलेखनाचे काम स्त्रियांकडेच असल्याने तुलनाच संभवत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि न्यायालयाने त्यांतले एकही ग्राह्य धरले नाही. निकाल वाचताना माझे लक्ष मात्र नेहमी एका साध्या गोष्टीकडे जाते : ही तक्रार उभी राहिली ती नोकरी गेल्यावर. खुर्चीवर बसून, त्याच साहेबाचे डिक्टेशन घेत असताना, त्याच साहेबाविरुद्ध कमी पगाराचा अर्ज देण्याची छाती कितीजणींना होईल, हे ज्याने कचेरीत एक महिना काढला आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

येथे आपण सूडाच्या विषयाशी येतो, आणि तो मला या सर्व प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सूड हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे बडतर्फी येते. पण अनुभवी वरिष्ठ बडतर्फ करीत नाही, कारण बडतर्फीचा कागद होतो. तो टेबल बदलतो, पाळी बदलतो, ज्याला मशीन चालवता येते त्याला भंगार मोजावयास बसवतो, रजेच्या अर्जावर 'बोला' एवढाच शेरा मारतो, गोपनीय अहवालात 'सामान्य' असे लिहितो, आणि यांपैकी एकाही गोष्टीविषयी बाहेरच्या माणसाला काही सांगू जावे तर तो विचारतो, एवढेच ना? अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे एका रेल्वे कंपनीत काम करणाऱ्या एका बाईने आपला मुकादम लिंगभेदाने वागवितो अशी तक्रार केली, तेव्हा फोर्कलिफ्ट चालविण्याच्या कामावरून काढून तिला रुळांवरच्या अंगमेहनतीच्या कामावर घालण्यात आले, आणि पुढे ३७ दिवस बिनपगारी घरी बसविण्यात आले. तो पगार नंतर चुकता केलाच आहे, सबब नुकसान काय झाले, असे कंपनीने विचारले. २००६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, सुज्ञ कामगाराला तक्रार करण्यापासून परावृत्त करील अशी कोणतीही ठळक प्रतिकूल कृती सूडच होय, आणि महिनाभर पगाराविना घर चालविणे हे नुकसान मागाहून मिळालेल्या पगाराने पुसले जात नाही. सूड ओळखण्याची याहून माणुसकीची कसोटी माझ्या वाचनात नाही. तेथील समान रोजगार संधी आयोगाकडे अलीकडच्या वर्षांत येणाऱ्या तक्रारींपैकी सुमारे निम्म्यांत सूडाचा आरोप असतो, हे पाहिले म्हणजे ती कसोटी किती निकडीची होती ते ध्यानात येते.

आपल्या १९७१ च्या अधिनियमानेही सूडाला नावानिशी ओळखलेले आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळ कामगारांना आजही ठाऊक नसते. त्याच्या चौथ्या अनुसूचीत सूडबुद्धीने कामावरून काढणे आहे, व्यवस्थापनाच्या धोरणाचा बहाणा करून दुष्ट हेतूने बदली करणे आहे, गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाची तरफदारी करणे आहे, आणि औद्योगिक विवादाच्या चौकशीत मालकाविरुद्ध तक्रार किंवा साक्ष दिली म्हणून काढून टाकणे वा भेदभाव करणे हेही आहे. यांतील प्रत्येक कृत्य ही स्वतंत्र अनुचित प्रथा ठरते, आणि म्हणून प्रत्येकाचे ९० दिवस स्वतंत्र धावतात. पहिल्या अन्यायाची मुदत हुकली तरी त्याविषयी बोलल्याबद्दल जो सूड घेतला गेला त्याची मुदत कदाचित अद्याप शिल्लक असते. आणि याच्या उलट, सूडाविरुद्धची तक्रार मुदतीत आहे म्हणून मूळ अन्यायाची हुकलेली मुदत जिवंत होत नाही. पुस्तकातील या विवेचनाची पाने वाचकाने दोनदा वाचावीत अशी माझी विनंती आहे.

तितकीच घातक असणारी दुसरी समजूत म्हणजे आपण वरिष्ठांकडे अर्ज दिला आहे, आतली चौकशी चालू आहे, तोवर घड्याळ थांबलेले आहे, ही. घड्याळ थांबत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच स्पष्ट केले की युनियनमार्फत चाललेल्या अंतर्गत तक्रारीमुळे आयोगाकडे जाण्याची मुदत खोळंबत नाही. त्या खटल्यातील बाई १०८ व्या दिवशी आयोगाकडे गेलेल्या होत्या, आणि त्या वाचल्या त्या केवळ १९७२ साली तेथील विधिमंडळाने मूळची ९० दिवसांची मुदत वाढवून १८० केली म्हणून. आपल्याकडे 'बघू' या शब्दाने जेवढ्या मुदती संपवल्या तेवढ्या कोणत्याही कारस्थानाने संपवल्या नसतील. तो शब्द उच्चारणारा अधिकारी नेहमी दुष्टच असतो असे नाही. कित्येकदा तो खरोखरच काही करू इच्छितो, आणि त्याच्या सदिच्छेवर विसंबलेला माणूस ९१ व्या दिवशी उघड्यावर पडतो.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांविषयीही येथे दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. पुण्या-नाशिकाकडून अमेरिकेत तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर गेलेल्या अभियंत्याची नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यास किंवा आवराआवर करून देश सोडण्यास त्याला फार तर ६० दिवस मिळतात. कायद्याने तक्रारीस १८० किंवा ३०० दिवस दिले आहेत, आयोगाचे पत्र आल्यावर दावा लावण्यास आणखी ९० दिवस दिले आहेत, ही सर्व उदारता त्या ६० दिवसांच्या भिंतीवर येऊन आदळते. घराचे कर्ज आणि शाळेत रुळलेले मूल असता हा मनुष्य पक्षपात सोसून गप्प राहिला तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार येथे सुरक्षित बसलेल्या आपणा कोणासही नाही.

आपल्या देशातील, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविषयीचा २०१३ चा कायदा हा १९९७ च्या विशाखा निकालाचे अपत्य. तो निकाल देणाऱ्या तिघा न्यायमूर्तींत पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात असलेल्या सुजाता मनोहर होत्या, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. परंतु या कायद्याच्या ९ व्या कलमाने तक्रारीस घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीनच महिने दिले आहेत. तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला कारणे नोंदवून ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढविता येते, त्यापुढे तिचेही हात बांधलेले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातील अध्यापिकेची तक्रार याच कारणाने मुदतबाह्य ठरली. तिच्या म्हणण्याप्रमाणे छळाची शेवटची घटना २०२३ च्या एप्रिलमधील होती, आणि तक्रार डिसेंबरात आली. मधल्या काळात तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले होते, आणि तो त्याच छळाचा पुढचा भाग होय, असे तिचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो प्रशासकीय निर्णय मानून मूळ घटनेपासून अलग केला. आरोप खरा की खोटा हे तपासलेच गेले नाही. तरीही न्यायालयाला ही गोष्ट अगदी विस्मृतीत जाऊ द्यावीशी वाटली नाही, आणि आरोप असलेल्या अधिकाऱ्याच्या परिचयपत्रात या निकालाचा उल्लेख राहावा असा आदेश त्याने दिला. निकालाच्या विधिशास्त्रीय शुद्धतेविषयी मला काही म्हणावयाचे नाही, कलमाचे शब्द तसेच आहेत. पण शब्द तसे आहेत हेच दुःख आहे. नोकरीविषयीची धमकी वा प्रतिकूल वागणूक छळाशी जोडलेली असेल तर ती छळातच धरावी असे या कायद्याचे तिसरे कलम म्हणते खरे, परंतु तक्रारदारावर उगवलेल्या सूडाला स्वतंत्र मुदत देणारे कलम त्यात नाही. ज्या अपमानाचा उच्चार घरी नवऱ्यापाशी किंवा आईपाशी करण्यास सहा महिने लागतात, त्याची लेखी तक्रार तीन महिन्यांत मागणे मला न्याय्य वाटत नाही, आणि ही मुदत निदान एक वर्षाची व्हावी असे माझे मत आहे.

विलंब माफ करण्याचा अधिकार जेथे कायद्याने न्यायालयाला मोकळेपणाने दिला आहे तेथे गोष्ट इतकी निराशाजनक नसते. १९७१ च्या अधिनियमाचे २८ वे कलम योग्य व पुरेसे कारण दाखविल्यास ९० दिवसांनंतरही तक्रार दाखल करून घेण्याची मुभा देते. विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा मागण्याच्या जुन्या वहिवाटीला सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली, मग प्रत्येक तासाचा आणि प्रत्येक सेकंदाचा का नको, असा प्रतिप्रश्न करून आवर घातला. पण कारण पुरेसे आहे हे सांगावयास काहीतरी हाती लागते, आणि माझ्या फिटरजवळ साहेबांना भेटल्याचा एकही कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको त्याच्याबरोबर आली आणि तिने भिंतीवरचे कालनिर्णय खिळ्यासकट काढून आणले. त्यात तिचा दुधाचा हिशेब होता : रोजच्या चौकोनात अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, आणि तिन्ही महिन्यांच्या पानांवर मिळून चौदा चौकोनांत दुधाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत 'साहेब' असे लिहिलेले. नवरा त्या दिवशी एस.टी.चे भाडे घेऊन गेला, म्हणून तिने ते खर्चाच्या सोयीसाठी लिहून ठेवले होते. ती पाने मी अर्जाला जोडली. समोरच्या वकिलांनी ती मागाहून लिहिली असल्याचे सुचविले, तेव्हा न्यायाधीशांनी पाने हातात घेऊन दुधाचे आकडे आणि 'साहेब' हा शब्द एकाच शाईत उतरले आहेत की नाहीत ते बराच वेळ पाहिले. अकरा दिवसांचा विलंब माफ झाला. प्रकरण पुढे साडेपाच वर्षे चालले, आणि अखेर मागील पगाराच्या काही हिश्श्यासह तो कामावर परत गेला.

परत गेल्यावर वर्षाच्या आत त्याच्या बदलीचे पत्र निघाले. ज्या शाखेत त्याच्या कामाचे यंत्रच नव्हते अशा शाखेत, घरापासून शंभर मैलांवर. या वेळी तो चौथ्या दिवशी माझ्याकडे आला. पिशवी तीच होती. त्याने पाकीट माझ्यासमोर ठेवले. ते त्याने ब्लेडने कडेकडेने कापून उघडले होते, आणि पोस्टाचा गोल शिक्का अखंड होता.